दोऱ्याच्या टोकाचा वॉचमन

मी एक जुना प्लॅस्टिकचा मणी आहे. माझा रंग कोणता असं विचारलंत, तर मला नीट सांगता येणार नाही. जवळून पाहिलं तर मातकट, लांबून पाहिलं तर काळपट, आणि उन्हात धरलं तर आत कुठेतरी एक लाल रेघ दिसते. अंगावर सुईचे ओरखडे आहेत. एका बाजूला दाताची खूण आहे, कारण एकदा एका मुलाने मला भाजका शेंगदाणा समजून तोंडात टाकलं होतं. दोघांचीही निराशा झाली.

मित्रांनो, मी थकलो आहे. मण्याला कसला आलाय थकवा, असं तुम्हाला वाटेल. पण शाळेत तुम्ही कधी मैत्रिणीसाठी बाकावर जागा धरून बसला असाल. ती येईपर्यंत जो येईल त्याला ‘इथे कुणीतरी आहे’ म्हणून सांगावं लागतं. हलता येत नाही, आणि लक्ष सारखं दाराकडे असतं. माझं सगळं आयुष्य तसं गेलं.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे एक यंत्र दिवसभर एकच काम करायचं. वरच्या नरसाळ्यात प्लॅस्टिकचे दाणे ओतले जायचे, ते तापून वितळायचे, साच्यात दाबले जायचे आणि गार झाले की खाली टोपलीत मणी पडायचे. त्या दिवशी लाल मणी काढून झाले होते आणि हिरवे सुरू व्हायचे होते. रंग बदलताना यंत्राच्या पोटात आधीचा रंग थोडा उरतोच. त्यामुळे मधले काही मणी ना धड लाल, ना धड हिरवे असे निघतात. मी त्या मधल्यांपैकी. त्यात साचा नीट मिटला नव्हता, म्हणून मी भावंडांपेक्षा जाड झालो, आणि माझं भोक मधोमध न पडता एका कडेला पडलं, तेही चांगलं ऐसपैस.

असे मणी बाजूला काढून पुन्हा वितळवतात. यंत्रावरच्या कामगाराने मला चिमटीत धरलं आणि शेजारच्याला म्हणाला, “हे बघ, अगदी तुझं नाक!”

“माझं नाक इतकं सरळ असतं तर मी इथे असतो का?” शेजारचा म्हणाला.

दोघे हसायला लागले आणि त्या नादात मी चिमटीतून सुटून चांगल्या मण्यांच्या टोपलीत पडलो. तिथून पाकिटात. आणि पाकिटातून वह्या-पेनांच्या एका लहानशा दुकानात, खिळ्याला टांगलेला.

तिथून आम्हाला एका बाईंनी नेलं. त्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायचं काम करत. त्यांची मुलगी तेव्हा तिसरीत होती आणि तिला कावीळ झाली होती. डॉक्टरांनी बरेच दिवस अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. घरातली सगळी पुस्तकं वाचून झाली होती, त्यातली काही तर उलटीकडूनही. आता ती छताकडे बघत पडलेली असायची आणि कुणी काही विचारलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आईने पलंगावर एक ताट ठेवलं. मणी घरंगळू नयेत म्हणून ताटात जुना टॉवेल पसरला. फ्रिजमधला बर्फाचा साचा आणला आणि एकेका खणात एकेक रंग वेगळा केला. मला कुठल्या खणात टाकावं, हे काही कळेना.

“हा नको. घाणेरडा आहे,” मुलगी म्हणाली.

“राहू दे. निघेल काहीतरी काम त्याचं,” आई म्हणाली.

काम लगेच निघालं. आईने तंगूस आणला होता. तंगूस म्हणजे मासे पकडायच्या गळाला लावतात तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. तो गुळगुळीत असतो. मुलगी एका टोकातून मणी घालायची आणि दुसऱ्या टोकातून ते तिच्या नकळत ताटात पडायचे. असं दोन-तीनदा झाल्यावर ती रडकुंडीला आली. तेव्हा आईने मला उचललं, दोऱ्याच्या टोकाला घातलं आणि एक सुरगाठ मारली. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी गाठ.

“हा इथे उभा राहील. कुणाला बाहेर जाऊ देणार नाही,” ती म्हणाली.

“वॉचमन?”

“वॉचमन.”

मग लाल, पांढरे, पिवळे मणी एकापाठोपाठ एक येऊन माझ्या पाठीला टेकले आणि एकही खाली पडला नाही. माळ पूर्ण झाल्यावर आईने टोक ओढलं, मला बाहेर काढलं आणि त्या जागी पक्की गाठ मारली. माळ मुलीच्या गळ्यात गेली. मी ताटात.

हे माझ्या कामाचं स्वरूप. त्या घरात जे जे म्हणून मण्यांचं झालं, त्या प्रत्येक वस्तूला मी धरून बसलो होतो, आणि त्यातल्या एकाही वस्तूत मी नाही. याचं मला फार वाईट वाटतं असं समजू नका. तरुण होतो तेव्हा वाटायचं. नंतर सवय झाली.

मुलगी बरी झाली. मण्यांच्या बांगड्या आणि अंगठ्या झाल्या. दोऱ्याची दोन टोकं एकाच मण्यातून समोरासमोर काढली की घट्ट वीण बसते, हे आईने कारखान्यातल्या कुणाकडून तरी शिकून घेतलं, आणि मग पाली, बदकं आणि फुलपाखरं झाली. दोऱ्याचं टोक मऊ पडू नये म्हणून आई ते नेलपॉलिशमध्ये बुडवून वाळवायची. स्वतःच्या नखांना मात्र तिने ते कधी लावलेलं मी पाहिलं नाही.

मग मुलगी मोठी झाली. तिला परीक्षा आल्या, मैत्रिणी आल्या, नोकरी लागली. रक्त तपासतात त्या प्रयोगशाळेत ती काम करू लागली. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. मण्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. तिथे आमच्या शेजारी कुलूप हरवलेल्या किल्ल्या होत्या, संपलेले सेल होते आणि एका छत्रीची मूठ होती. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

डबा पुन्हा उघडला तेव्हा आईचे केस पांढरे झाले होते. कारखाना सुटला होता. तिच्या गुडघ्याला टेकून एक लहान मुलगी उभी होती आणि डब्यात नाक खुपसून बघत होती. ती आमच्या मुलीची मुलगी. अंगाने बारीक, आणि सतत काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ती आजीकडे असायची.

मुंगीच्या मागोमाग इमारतीतली इतर मुलंही आली. वरच्या मजल्यावरचा एक मुलगा, त्याची जीभ झोपेतही थांबत नसेल. त्याचं नाव पडलं होतं गप्पाड्या. मला शेंगदाणा समजणारा तोच. आणि समोरच्या दारातली एक मुलगी, तिला सगळ्याचीच गडबड. तिला सगळे घाई म्हणत. या मुलांचे आईवडील कामावर असायचे. दुपारी सगळी आजीच्या टेबलाभोवती जमायची. ती आजीला काकू म्हणायची आणि मुंगी आजी म्हणायची, आणि एकाच बाईला दोन्ही कसं म्हणता येतं यावर एक दुपार वाद झाला होता.

माझ्या कामाचा खरा कस तिथे लागला. मुलंच ती. पाल अर्धी झाली की कुणाला तहान लागायची, कुणाला आईची हाक यायची, कुणाला अभ्यास आठवायचा. मग दोऱ्याची दोन्ही टोकं माझ्यातून काढून सुरगाठ मारायची आणि काम बर्फाच्या साच्याशेजारी ठेवून द्यायचं. माझं भोक ऐसपैस असल्याने दोन्ही टोकं एकदम मावत. एकट्याने निभेना तेव्हा आणखी काही बेढब मणी माझ्या हाताखाली देण्यात आले. पण मुख्य वॉचमन मीच.

एकदा घाईचं बदक मानेपर्यंत आलं होतं. तिला घरून हाक आली. तिने मला बांधलं आणि धावली. गप्पाड्याला वाटलं, आपण तिची चोच करून ठेवावी. त्याने गाठ ओढली. मी सुटलो, आणि बदकाची मान, छाती, एक पंख असं सगळं टॉवेलवर सांडलं.

घाई परत आली आणि तिने भोकाड पसरलं.

“मी मदत करत होतो!” गप्पाड्या ओरडला.

“मदत? मान मोडलीस त्याची!”

“मान नव्हतीच अजून, अर्धीच होती!”

“काकू, याला बघा ना!”

“अरे, घर डोक्यावर घेऊ नका,” आजी म्हणाली. “आण ते ताट इकडे. आणि दोघंही ऐका. आजपासून नियम. वॉचमन ज्याने बांधला, त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. वॉचमन दिसला की समजायचं, याचा मालक परत येणार आहे.”

“आणि नाही आला तर?” गप्पाड्याने विचारलं.

“न यायला काय झालं? काम अर्धं टाकून कोण जातं?”

तेव्हापासून त्या टेबलावर हा कायदाच झाला. मुलं एकमेकांच्या खोडरबरांवर डल्ला मारत, एकमेकांचा खाऊ पळवत, पण वॉचमन बांधलेल्या कामाला कुणी बोट लावत नसे. गोवर येऊन घाई बरेच दिवस आली नाही, तेव्हा तिचं फुलपाखरू एका पंखावर तसंच पडून होतं. मी त्याला धरून होतो. ती बरी होऊन आली, बसली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे विणायला लागली. आजीने माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर एवढंच.

मग जिराफाचं काम निघालं.

मुंगीला जिराफ हवा होता. पिवळा, तपकिरी ठिपक्यांचा, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा. हे लहान मुलाचं काम नव्हे, म्हणून आजी विणायची आणि मुंगी मणी हातात द्यायची. चार पाय झाले. पोट झालं. शेपटी झाली. मग मान सुरू झाली आणि ती संपेना.

“आता डोकं करायचं का?” आजी विचारायची.

“अजून एक ओळ.”

“अगं, छताला लागेल त्याचं डोकं.”

“लागू दे. मग वरच्या मजल्यावर गप्पाड्याच्या घरात डोकावेल.”

“आणि पिवळे मणी कुठून आणायचे?”

“मी पुरवते. मी मुंगी आहे ना?”

आजी हसायची आणि आणखी एक ओळ विणायची. हसता हसता तिला धाप लागायची. हल्ली तिला बसल्या जागीच धाप लागत होती. तिची मुलगी ज्या प्रयोगशाळेत काम करायची तिथेच तिचं रक्त तपासायला गेलं होतं. अहवालावरचे आकडे मुलीने डॉक्टरांच्या आधी वाचले होते. ती सामान घेऊन मुंगीसह आईकडे राहायला आली, एवढंच. दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायच्या आणि भाजीबद्दलच बोलायच्या.

एका दुपारी आजी मान विणत होती. मणी तिच्या बोटांतून सारखे निसटत होते आणि मुंगी ते पुन्हा पुन्हा उचलून देत होती. आजी थांबली. डोळे मिटून बसली. मग दोऱ्याची दोन्ही टोकं माझ्यातून काढून तिने गाठ मारली.

“जरा पडते मी,” ती म्हणाली. “मग डोकं करू.”

त्या वेळेस मला पहिल्यांदा वेगळं जाणवलं. ती सुरगाठ नव्हती. ती निरगाठ होती, एकावर एक दोन वेढ्यांची, कसंही ओढलं तरी न सुटणारी. इतक्या वर्षांत तिने मला अशा गाठीने कधी बांधलं नव्हतं. मला वाटलं, उठल्यावर तिच्या लक्षात येईल आणि ती स्वतःवरच चिडेल.

संध्याकाळी तिला हॉस्पिटलात नेलं. टेबलापाशी असलेल्या तिच्या खुर्चीवर ती पुन्हा बसली नाही.

पुढचे काही दिवस घरात खूप चपला होत्या आणि आवाज कमी होता. मुंगीला तिच्या आत्याकडे पाठवलं होतं. ती परत आली तेव्हा चपला गेल्या होत्या. तिने सगळ्या खोल्या बघितल्या, गॅलरीही बघितली.

“आजी कुठे आहे?”

तिच्या आईने तिची दप्तराची पिशवी खांद्यावरून काढली. खूप वेळ लावून काढली. “आजी लांब गेली आहे,” ती म्हणाली. “चल, हातपाय धू.”

ती खोटं बोलणारी बाई नाही. मी तिला लहानपणापासून ओळखतो. पण तिच्या तोंडून शब्दच निघत नव्हता. ती दिवसभर लोकांच्या रक्तातले आकडे लिहायची, ते ज्याचे त्याला कळवायची. घरी मात्र तिला एक वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. आज नको, उद्या सांगू. जरा सावरू दे. शाळेची परीक्षा होऊ दे. असं करत तिने दिवस ढकलले. तिने आईच्या साड्यांची घडी मोडली नाही, चष्मा उचलला नाही. जिराफालाही तिने हात लावला नाही, दुसऱ्या कुणाला लावूही दिला नाही. “असू दे तिथेच,” म्हणायची. टेबल पुसताना ती जिराफाभोवतीचं तेवढं सोडून पुसायची.

मुंगी हे सगळं बघत होती. लहान मुलांना कुणी काही सांगितलं नाही की ती स्वतःच जोडाजोड करतात. तिने काय जोडलं असेल, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? रोज शाळेतून आली की ती आधी टेबलापाशी यायची. मी जागेवर आहे ना, हे बघायची. गाठ बोटाने चाचपायची. आणि मग निवांत होऊन दूध प्यायला जायची.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत जड दिवस. जिराफ हातभर उंचीचा, मान अर्धी, डोक्याच्या जागी दोन दोऱ्यांना लटकलेला मी. मी आजवर माळा धरल्या, पाली धरल्या, बदकं धरली. एका पोरीची आजी धरून ठेवायची ताकद माझ्यात नव्हती. आणि मी तर तिला रोज सांगत होतो की आजी येणार आहे. न बोलता, नुसता तिथे असल्यामुळे सांगत होतो. मला सुटायचं होतं. पण गाठ पडली होती निरगाठ.

एका सुट्टीच्या दुपारी गप्पाड्या आला. बऱ्याच दिवसांनी आला होता, म्हणून आधी दारातच घुटमळला. मग टेबलाशी येऊन जिराफाकडे बघू लागला.

“याला डोकं नाही. मी करून देऊ?”

“हात लावू नकोस,” मुंगी म्हणाली. “वॉचमन आहे.”

“पण तो काकूंनी बांधलाय.”

“मग? ती आली की सोडेल.”

गप्पाड्याने पुढे केलेला हात मागे घेतला. “अगं, पण काकू वारल्या ना,” तो म्हणाला. “माझी आई म्हणाली.”

“तुझ्या आईला काय माहीत? मग वॉचमन का आहे?”

“का म्हणजे?”

“परत यायचं नसतं तर तिने बांधला असता का?”

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला आणि गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मुंगीची आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

गप्पाड्या “मी जातो” म्हणाला आणि खरंच गेला.

ती येऊन मुंगीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, आजीच्या नव्हे. ताट पुढे ओढलं. खिडकीतून ऊन टॉवेलवर पडलं होतं.

“आई, हात नको लावूस. नियम आहे.”

“माहीत आहे मला. पण आज मला ही गाठ सोडायची आहे.”

“तू नाही बांधलीस.”

“नाही बांधली. पण जिने बांधली, ती आता सोडायला येणार नाही.”

मुंगीने तिच्याकडे बघितलं. “कधी येणार नाही?”

“कधीच नाही. आजी वारली, मुंगी. हॉस्पिटलातच. मी तिच्याजवळ होते.”

“पण ती म्हणाली, मग डोकं करू.”

“तिला करायचं होतं. तिच्या मनात होतं ते. शरीराने साथ दिली नाही.”

मुंगी खुर्चीवरून उतरली. भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मग तिथूनच ओरडली, “मग तू मला आधी का नाही सांगितलंस? सगळ्यांना माहीत होतं. गप्पाड्यालासुद्धा!”

“मला बोलताच येत नव्हतं गं,” तिची आई म्हणाली. “माझी आई होती ती.”

मुंगी रडली. तिची आई उठून तिच्याजवळ गेली आणि खाली फरशीवर बसली. दोघी तशाच बसून होत्या. टेबलावरून मला त्यांची फक्त डोकी दिसत होती. उन्हाचा तुकडा सरकून ताटाबाहेर गेला, तेव्हा मुंगी नाक पुसत आली आणि खुर्चीवर चढली.

“कापू नकोस,” ती म्हणाली. “कापलास तर दोरा पुरणार नाही.”

तिचं बरोबर होतं. मान इतकी वाढली होती की दोऱ्याची टोकं जेमतेम उरली होती. गाठीपाशी कात्री लावली असती तर डोकं सोडा, आजीने विणलेल्या शेवटच्या ओळीसुद्धा उसवल्या असत्या.

आईने दोन सुया घेतल्या. एकीने गाठ टोचून धरायची, दुसरीने वेढा सैल करायचा. तंगूस गुळगुळीत असला तरी निरगाठीत एकदा आवळला की काचेसारखा कडक होतो. सुई निसटून माझ्या अंगावर येत होती. माझ्यावरचे सगळ्यांत खोल ओरखडे त्या दुपारचे आहेत. मुंगीने जिराफाला दोन्ही हातांनी धरलं होतं, पेशंटला धरावं तसं.

“आजीने अशी घट्ट का मारली? ती तर आम्हाला ओरडायची.”

“बोटं थकली होती तिची. सुरगाठीला बोटं हलकी लागतात.”

“मग मला का नाही सांगितलं तिने? मी मारली असती.”

आई वाकून गाठीत बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आला बघ. हा वेढा आला. आता तू ओढ.”

मुंगीने दोरा चिमटीत धरला आणि ओढला. मी सुटलो. टॉवेलवर पडलो, तिथून घरंगळत ताटाच्या काठापर्यंत गेलो आणि थांबलो. मला कुणी उचललं नाही. दोघींच्या नजरा जिराफाच्या मानेवर होत्या, कारण वरची ओळ ढिली पडायला लागली होती.

“खेच, खेच! उसवेल!”

“खेचते आहे. मणी दे. पिवळा.”

“पिवळे संपले.”

“मग कुठला देतेस?”

मुंगीने साच्यातले खण चाळले आणि पांढरा दिला. मुंगीच्या आईची वीण आजीसारखी नव्हती. कित्येक वर्षांत तिने मण्याला हात लावला नव्हता. तिचा हात जास्त ओढायचा, त्यामुळे आजीच्या ओळी संपून तिच्या जिथे सुरू झाल्या तिथे जिराफाची मान किंचित वळली. मध्येच तिला विणीतली एक चाल आठवेना. पुढे कसं, हे विचारायला तिने मान वर करून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. बघितलं आणि पुन्हा खाली बघू लागली. मग स्वतःच उसवून स्वतःच पुन्हा विणलं.

डोकं पांढरं झालं. कान एक मोठा, एक छोटा. शेवटची पक्की गाठ मारून तिने उरलेलं टोक मण्यांच्या आत लपवलं. जिराफ उभा केला तेव्हा तो जरा मागे वळून बघतोय असं वाटत होतं.

“वाकडा झाला,” आई म्हणाली.

मुंगीने त्याला सगळीकडून बघितलं. “असू दे,” म्हणाली. “कळतं त्याच्यामुळे. इथपर्यंत आजी, आणि इथून तू.”

त्या संध्याकाळी मुंगीच्या आईने टेबल पुसलं. जिराफ होता त्या जागेसकट सगळं पुसलं.

मी आता बर्फाच्या साच्यात, पिवळ्या मण्यांच्या रिकाम्या खणात पडून असतो. दुपारी कधी कधी मुलं येतात. पूर्वीइतकी नाही. मुंगीची आई सुट्टीच्या दिवशी त्यांना शिकवते, तिला आजीइतकं येत नाही, आणि गप्पाड्या ते तिला सांगतोही. मला बांधतात, सोडतात. पाठ दुखते म्हणण्यासारखी मला पाठ नाही, पण भोकाची कड झिजली आहे आणि नवा दोरा आता माझ्यातून सरकतो. फार दिवस हे काम जमेल असं वाटत नाही.

म्हणून एक मागून घेतो, मित्रांनो. आपली वस्तू, आपलं काम अर्धं टाकून उठावं लागलं, तर त्याला सांभाळणारं काहीतरी मागे ठेवून उठा. मी काय, दुसरा एखादा बेढब मणी काय, कुणीही चालेल. आणि तुमच्यात जे मोठे हे वाचत असतील त्यांना सांगतो. घरातलं कुणी उठून गेलं, आणि ते परत येणार नसेल, तर मागे वाट बघत बसलेल्या लहानांना ते सांगा. आवाज फुटत नसेल तर हातात काहीतरी काम घ्या आणि काम करता करता सांगा. उशीर झाला असेल तर उशिरा सांगा. पण ते आम्हा वस्तूंवर सोपवू नका. आम्ही सांगाल तेवढा वेळ धरून बसू. खरं काय ते बोलायला मात्र माणूसच लागतं.